हेडफोन स्वस्त असावेत, पण त्यांतून शब्द तरी स्पष्ट ऐकू यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हजार-बाराशे रुपयांच्या आसपास मिळणारे, घडी करून पिशवीत टाकता येणारे हेडफोन सध्या सोलापुरात सर्रास दिसतात. अभ्यासिकेत बसणारी मुले, हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणारे-येणारे नोकरदार, घरातल्यांची झोपमोड होऊ नये म्हणून रात्री कानाला लावून अभंग ऐकणारे ज्येष्ठ नागरिक, अशा अनेकांना ही वस्तू चैन म्हणून नव्हे, तर गरज म्हणून लागते. असा एक हेडफोन मी माझ्या मुलीसाठी घेतला. त्याने जी निराशा केली ती माझ्या एकटीच्या घरापुरती नाही, हे ओळखीपाळखीच्या लोकांशी बोलल्यावर लक्षात आले आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे. किंमत कमी होती, तेव्हा वस्तू सुमार निघाली, असे म्हणून हा विषय सोडून देणे मला मान्य नाही. या हेडफोनमध्ये जे वाईट आहे ते पैसा कमी पडल्यामुळे वाईट झालेले नाही. तो भलत्याच गोष्टींवर खर्च केल्यामुळे झालेले आहे.

आमचे घर शहराच्या पूर्व भागात आहे. इथे राहणाऱ्यांना यंत्रमागाचा खडखडाट नवा नाही. मागाच्या कारखान्यात उभे राहिले तर तो ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि दोन भिंती ओलांडून घरात आला तरी अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या कानात तो घुमत राहतोच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच मागांवर आमच्या गल्लीतल्या चुली पेटतात. मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, तिचे बरेचसे तास मोबाइलवर असतात, आणि शिक्षक जे बोलतात ते शब्द न् शब्द कानी पडावे एवढीच तिची अपेक्षा होती. खोक्यावर मात्र 'डीप बेस' होता, '४० मिलिमीटर ड्रायव्हर' होता, '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' होते आणि बॅटरी किती तास चालते याचा ठळक आकडा होता. माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकू येईल असे त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते, आणि ते ऐकू आलेही नाही.

या आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गिऱ्हाईक त्यांच्यावर विसंबून पैसे मोजते. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ही निरोगी मानवी कानाची श्रवणमर्यादा आहे. ती विज्ञानाच्या शालेय पुस्तकातही सापडते. हेडफोनच्या खोक्यावर ती छापल्याने त्या हेडफोनविषयी काहीच कळत नाही. या मर्यादेतला कोणता भाग तो हेडफोन उचलून धरतो आणि कोणता दाबतो, हा फरक दोन-तीन डेसिबलचा आहे की दहा-पंधरा डेसिबलचा, हे सोबत सांगितले असेल तरच त्या आकड्यांना अर्थ येतो. हा चढउतार दाखवणारा आलेख या किमतीच्या खोक्यावर मी अद्याप पाहिलेला नाही. ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पडद्याच्या, व्यासाचेही तसेच आहे. ४० मिलिमीटरचा पडदा चांगलाही असतो आणि वाईटही असतो. केवळ मापावरून त्याची परीक्षा होत नाही.

आमच्या हेडफोनमध्ये खर्जाचा, म्हणजे खोक्यावरच्या त्या 'बेस'चा, भाग इतका फुगवलेला आहे की बाकीचे सारे त्याखाली दबून जाते. बोलण्यातली व्यंजने ओळखू येण्यासाठी जो भाग लागतो तो प्रामुख्याने १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि 'स', 'श' यांसारख्या वर्णांसाठी तर त्याहूनही वरचा. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला झाकून टाकतो, ही श्रवणशास्त्रात जुनी आणि सुपरिचित गोष्ट आहे. तिचा परिणाम मी मुलीच्या वहीत पाहिला. इतिहासाच्या तासात शिक्षक 'बासष्ट' म्हणाले आणि तिने 'पासष्ट' लिहिले. १९६२ चे युद्ध चीनशी झाले आणि १९६५ चे पाकिस्तानशी, हे तिला पक्के ठाऊक असल्यामुळे पुढच्याच वाक्याला तिने खाडाखोड करून दुरुस्ती केली. पण ज्या विषयात मुलाला आधीचे काही माहीत नसेल, तिथे अशी दुरुस्ती कशी व्हायची? राज्यघटनेची कलमे, अर्थसंकल्पातले आकडे, कायद्यांची वर्षे हे सगळे असेच कानाने वहीत उतरत असते.

मी स्वतः रात्री त्यावर अभंग ऐकून पाहिले. पखवाजाची थाप खोलीभर भरते, टाळ जवळजवळ नाहीसे होतात आणि गायकाचा स्वर पडद्याआडून आल्यासारखा वाटतो. ज्याला नाचाची गाणी मोठ्याने ऐकायची आहेत त्याला हा हेडफोन कदाचित आवडेलही, आणि त्याच्या आवडीबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र बाजारात या किमतीला जवळपास सगळेच हेडफोन याच एका आवडीसाठी बनवले जात असतील, तर अभ्यास करणाऱ्यांनी, बातम्या ऐकणाऱ्यांनी आणि कीर्तन ऐकणाऱ्यांनी काय घ्यावे?

या सगळ्याचे मूळ कानावर बसणाऱ्या गादीत आहे, असे मला आता वाटते. गादी कानाभोवती नीट बसली तर बाहेरचा आवाज कमी आत येतो आणि आतला खर्ज बाहेर गळत नाही. ती पातळ आणि कडक असली की दोन्ही बाजूंनी गळती सुरू होते. गळलेला खर्ज भरून काढण्यासाठी तो मुळातच फुगवून ठेवायचा, हा सोपा उपाय बनवणारे करतात. त्यामुळे बोलणे दबते, बाहेरचा खडखडाट आत येतच राहतो, आणि ऐकणारा आवाज वाढवत नेतो. इथे प्रश्न निव्वळ गैरसोयीचा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते, आणि हीच पातळी ९० डेसिबलवर गेली की ती मर्यादा आठवड्याला ४ तासांवर येते. अभ्यास करणारी मुले चार तास तर एका दिवसात सहज ऐकतात. मागाच्या आवाजावर मात करण्यासाठी मुलगी आवाजाची पट्टी जवळजवळ शेवटापर्यंत नेते हे लक्षात आल्यावर मी तो हेडफोन अभ्यासासाठी वापरणे बंद करायला लावले. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केशपेशींमुळे आपल्याला ऐकू येते, त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. विशीतल्या मुलांच्या कानांचा प्रश्न आहे, आणि तो एका गादीच्या दर्जापाशी येऊन ठेपतो.

ती गादीही टिकली नाही. बाहेरून चामड्यासारखे दिसणारे आवरण म्हणजे कापडावर दिलेला कृत्रिम लेप असतो. घाम, उष्णता आणि दमटपणा यांनी तो लेप सुटतो. सोलापूरचा उन्हाळा कसा असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पारा ४० अंशांच्या वर गेला की कानाला लावलेली कोणतीही वस्तू घामाने भिजतेच. पहिला उन्हाळा संपायच्या आत गादीला बारीक भेगा पडल्या, मग काळे पापुद्रे निघू लागले, आणि ते मुलीच्या गालावर, केसांत, उशीच्या अभ्र्यावर, वहीच्या पानांत सापडू लागले. लेप निघाल्यावर खालचे कापड उघडे पडले, त्याखालचा स्पंज चपटा झाला आणि आतल्या प्लॅस्टिकची कड कानाला टोचू लागली. चष्मा लावणाऱ्यांना तर असा हेडफोन अर्धा तासही सहन होणार नाही.

नवी पेठेतल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे मी तो घेऊन गेले. त्यांनी नखाने गादीची कड उचलून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ही गादी डिंकाने चिकटवलेली आहे. खाच असती तर दुसरी कुठली तरी बसवून दिली असती. ओढून काढली तर खालची जाळीही येईल." तरीही त्यांनी काळजीपूर्वक एक बाजू उघडून दाखवली. आत केसासारख्या बारीक तारा होत्या आणि त्यांच्यावर गोंदाचा गोळा ओतून ठेवलेला होता. घडीची बिजागरी जिथे फिरते तिथे धातूची पिन नव्हती. एक छोटा स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये पिळलेला होता आणि त्या छिद्रापासून चीर निघालेली होती. दुसऱ्या बाजूला मात्र तीन रंगांत उजळणारे दिवे आणि त्यांची स्वतंत्र पट्टी अगदी नीटनेटकी बसवलेली होती. कानावर असताना ते दिवे वापरणाऱ्याला दिसतही नाहीत. त्या दिव्यांऐवजी बिजागरीत पिन आणि गादीला खाच दिली असती, तर हा हेडफोन आजही चालत असता, असे त्या दुरुस्ती करणाऱ्यांचेही म्हणणे पडले. अशा माणसांच्या हातातले कसब अजून शिल्लक आहे, पण त्यांना हात घालायला जागाच राहू नये अशा रीतीने वस्तू बनू लागल्या आहेत.

माइकविषयीही थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल पुष्कळांचा गैरसमज आहे. नेहमीच्या ब्लूटूथवर संगीत ऐकण्याची व्यवस्था वेगळी असते आणि बोलण्याची वेगळी. तासाला प्रश्न विचारण्यासाठी माइक सुरू केला की हेडफोन दुसऱ्या व्यवस्थेवर जातो आणि कानात येणारा आवाज एकदम टेलिफोनच्या दर्जाला उतरतो. मुले समजतात की शिक्षकांचा माइक खराब आहे किंवा नेटवर्क गेले. खोक्यावर 'ऑनलाइन क्लाससाठी उत्तम' असे छापणाऱ्यांनी ही एक ओळ छापायला काय हरकत होती?

वॉरंटी एक वर्षाची होती. कार्ड वाचल्यावर कळले की गादी, वायर आणि 'नेहमीच्या वापराने होणारी झीज' तिच्यात धरलेली नाही. म्हणजे जे भाग हमखास जातात तेच वगळलेले. चीर पडलेल्या बिजागरीसाठी तरी काही व्हावे म्हणून ॲपवर तक्रार केली, तेव्हा हेडफोन स्वखर्चाने कुरिअरने पुण्याला पाठवा असे उत्तर आले. त्यावर मी सोलापुरातले केंद्र विचारले, आणि पुढचा निरोप आला तो तक्रार 'निकाली निघाल्या'चा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे असते. पोच वेळेवर मिळाली, निवारण झाले नाही, आणि तरीही कागदोपत्री ते झालेले आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आता आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, ही माहिती आपल्या वाचकांना उपयोगी पडेल. बाराशे रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार, याच भरवशावर विकणारे निर्धास्त असतात.

खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक होता, आणि तो पाहून मला धीर आला होता. वायरलेस हेडफोन अनिवार्य नोंदणीच्या यादीत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्या मानकाप्रमाणे ही तपासणी होते ते विजेचा धक्का, आग आणि अति उष्णता यांपासून सुरक्षिततेचे आहे. आवाज स्पष्ट आहे की नाही, बिजागरी किती वेळा घडी केल्यावर तुटते, गादी घामात किती टिकते, याचा त्या चिन्हाशी संबंध नाही. सर्वसामान्य गिऱ्हाईक मात्र चिन्ह पाहून वस्तू एकंदर दर्जेदार आहे असेच समजते. छापील किमतीचेही तसेच. आमच्या खोक्यावर ३,९९९ रुपये ही कमाल किंमत छापलेली होती आणि तिच्यावर रेघ मारून १,१९९ ला तो विकला जात होता. कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, पण ती किती फुगवून छापावी याला या वस्तूंच्या बाबतीत बंधन नाही. त्यामुळे चार हजारांची वस्तू बाराशेला मिळाली असा समज होतो.

'बाराशे रुपयांत आणखी काय मिळणार?' असे मला अनेकांनी विचारले. पूर्वी मोबाइलच्या खोक्यात फुकट येणाऱ्या साध्या वायरच्या इयरफोनवर बोलणे स्वच्छ ऐकू येत असे, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. बोलणे स्पष्ट ऐकू येणे ही महागडी गोष्ट नाही. शिवाय बाराशे ही रक्कम लहान आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या शहरात हजार विड्या वळल्यावर हाती काय पडते याची चौकशी करावी. विडी वळणाऱ्या आईला मुलासाठी हा हेडफोन घ्यायचा तर कित्येक दिवसांची मजुरी बाजूला काढावी लागते. तिला तर टिकाऊ वस्तूची गरज सर्वांत जास्त आहे, कारण ती दरवर्षी नवीन घेऊ शकत नाही.

आपल्या शहरात चादर घेताना गिऱ्हाईक ती उलगडते, उलट बाजू बघते, काठ ओढून वीण तपासते, आणि दुकानदारही ती पूर्ण उघडून दाखवण्यात कमीपणा मानत नाही. हेडफोन मात्र सीलबंद खोक्यातच विकत घ्यावा लागतो. सील तोडले की माल परत नाही, आणि सील तोडल्याशिवाय ऐकता येत नाही.

बॅटरीविषयी माझी चिंता पुढच्या काळाची आहे. या हेडफोनमधली लिथियम बॅटरी आत बंदिस्त असते आणि कोणतीही अशी बॅटरी काही वर्षांनी क्षीण होतेच. ती बदलता येत नसेल तर बाकी सगळे शाबूत असूनही हेडफोन टाकून द्यावा लागतो, आणि आपल्याकडे तो बहुधा घंटागाडीत जातो, जिथे दाबल्या गेलेल्या लिथियम बॅटरीने पेट घेण्याचा धोका असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. पण त्या नेमक्या कुठे आणून द्यायच्या याची पाटी मला शहरातल्या एकाही मोबाइलच्या दुकानात दिसलेली नाही. युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता येतील अशाच असाव्यात, असा नियम केला आहे. तिथल्या बाजारासाठी कारखान्यांना रचना बदलावी लागणारच आहे. मग तीच रचना आपल्याकडेही मिळावी यासाठी केंद्र सरकारने आतापासूनच आग्रह धरायला हवा. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, त्यामागचा हेतू स्वागतार्ह आहे. आता हेडफोनसारख्या लहान वस्तूंचे सुटे भाग, विशेषतः गाद्या, वायरी आणि बॅटऱ्या, त्यांच्या किमतींसह त्याच खोक्यावर छापणे बंधनकारक व्हावे, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. पन्नास-शंभर रुपयांची गादी मिळत असती तर हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती.

तोवर ज्यांना असा हेडफोन घ्यायचाच आहे त्यांनी, शक्य असेल तर, ऐकून घ्यावा, आणि ऐकताना गाणे न लावता बातमीपत्र किंवा एखादे व्याख्यान लावावे. गादी निघते की चिकटवलेली आहे ते नखाने पाहावे. वायर सुटी होणारी असेल तर उत्तम, कारण ती पिनेजवळच आधी तुटते आणि सुटी असेल तर थोडक्या पैशांत बदलता येते. आपल्या नवी पेठेतल्या आणि जुळे सोलापुरातल्या दुकानदारांनी काउंटरवर प्रत्येक मॉडेलचा एक हेडफोन उघडा ठेवावा, आणि कानाला लावण्याआधी गादी पुसायला एक स्वच्छ कापड सोबत ठेवावे. कोणी तशी सोय आधीच केलेली असेल तर त्यांनी आपल्या वृत्तपत्राला जरूर कळवावे. मुलीसाठी दुसरा हेडफोन मी त्यांच्याकडूनच घेईन.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, सोलापूर